नवतप्यातला हिमदंश

आमच्या कॉलेजात मेडिसिनच्या एमडी अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगते. विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं, कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि चहा मागवला. आमच्या सरांनी कुणासाठी स्वतःहून चहा मागवला की त्या माणसाचे पुढचे दोन-तीन महिने वाया गेले, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, तुमचं मराठी एकदम शुद्ध आहे," ते म्हणाले. "म्हंजे इंग्रजी बी चांगलंच असंन. तो करिक्युलमचा रिपोर्ट तुम्हीच लिहून टाका न."

सर वर्ध्याकडचे. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, ब्राह्मणपाऱ्यात. त्यांच्या मते माझं मराठी पुस्तकातलं होतं आणि माझ्या मते त्यांचं मेडिसिन पुस्तकातलं होतं. पण दोघंही एकमेकांशी अदबीनं वागत असू.

मूल्यमापनाचं कारण असं होतं की, एका मोठ्या शहरातून वैद्यकीय शिक्षणाचे एक तज्ज्ञ येणार होते. तुम्ही तुमचा अभ्यासक्रम तपासता का, त्यात सुधारणा करता का, हे ते पाहणार होते. आम्हाला सुधारणा दाखवायची होती. सुधारणा करायची होती, असं कुणीच म्हणालं नव्हतं. तो फरक माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

अभ्यासक्रमाचा तो जाडजूड ठोकळा मी घरी नेला आणि वाचायला बसले. आमच्याकडे वर्षानुवर्षं मुलं एमडी होत होती, पण हे बाड मुळापासून वाचणारी मी पहिलीच असावे. सरांनी ते तरुणपणी तयार केलं होतं. तयार केलं म्हणजे कुठल्यातरी थंड देशातून उचललं होतं आणि उचलताना धूळसुद्धा झटकली नव्हती. बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांचे अपघात त्यात होते. गोठलेल्या तळ्यात पडलेल्या माणसाचं काय करावं, हे होतं. आणि हिमदंश होता. त्याच्या पायऱ्या, त्याचं वर्गीकरण, कोमट पाण्यात अवयव कसा उबवावा, त्यावर एक आख्खं प्रात्यक्षिक आणि प्रात्यक्षिकावर तोंडी परीक्षा. सापाच्या दंशाबद्दल लिहिलं होतं, 'स्थानिक सूचना पाहाव्यात.' त्या स्थानिक सूचना कुठेच नव्हत्या. उष्माघात 'इतर' या मथळ्याखाली एका ओळीत उरकलेला होता.

हे मी वाचत होते तेव्हा नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला होता. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला गाठलं. तिचे वडील नागपूरहून रेल्वेत बदलून आलेले. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"हिमदंशाच्या पायऱ्या सांग बरं."

तिनं डोळे मिटले आणि घडाघडा सांगितल्या. त्वचेचा रंग, फोड, फोडातल्या पाण्याचा रंग, काही म्हणता काही सुटलं नाही.

"कधी पाहिलास?"

"नहीं मॅम. शादी के बाद मनाली गए थे, वहाँ भी नहीं दिखा."

"बरं, उष्माघात सांग."

"मॅम, वो तो... गर्मी में होता है."

तिच्यावर हसायचं कारण नव्हतं. परीक्षेत जे विचारतात तेच मुलं शिकतात आणि परीक्षेत दरवर्षी बर्फ पडत होता.

मी सरांकडे गेले. म्हटलं, हिमदंश काढू आणि त्या जागी उष्माघात घालू.

"काढू? काहून?" सर खरंच दुखावले. "तेवढे तास कमी होतात न मॅडम. भोक पडते टाइमटेबलले."

"त्या तासांत उष्माघात शिकवू."

"अन् उद्या एखादा पोट्टा लडाखले गेला तर?"

"सर, आपले पोट्टे बीरगाव, महासमुंद, फार तर बिलासपूरला जातात."

"फीडबॅक पाहा न तुम्ही. सगळ्यायनं 'उत्कृष्ट' लिहिलं आहे."

"तो फीडबॅक तुम्ही सुट्टीच्या अर्जाबरोबर भरून घेता."

"मग? अर्ज पूर्ण नको भरायले?"

मी वेगळा रस्ता धरला. अभ्यासक्रम बरा की वाईट, हे जो आत्ता शिकतोय त्याला विचारून कळत नाही. तो घाबरलेला असतो. जो शिकून बाहेर पडला आणि एकटाच पेशंटसमोर उभा राहिला, त्याला विचारावं. सरांना हे काही पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पोरं पास झाली म्हणजे अभ्यासक्रम चांगला, आता त्यायले कायले विचारता. तरी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावला गेले.

हा गुढ़ियारीच्या रेल्वेवाल्या मराठी घरातला मुलगा. आमच्याकडे एमडी झाला आणि बीरगावात, उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीच्या वेशीवर त्यानं छोटंसं हॉस्पिटल काढलं. माझ्या मागे-पुढे करत त्यानं सगळं हॉस्पिटल दाखवलं, सरबत मागवलं. मी विचारलं, "इथे तुला असं काय लागलं, जे आम्ही शिकवलं नाही?"

तो आधी हसला. मग म्हणाला, "खरं सांगू का मॅडम? राग तर नाही न येणार?"

"सांग."

"मी इथं आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात रोलिंग मिलमधला एक जण आणला होता. भट्टीपाशी पडला होता. बेशुद्ध, झटके येऊन राहिले होते, अंग नुसतं भाजत होतं. मी मलेरियाचं रक्त पाठवलं. मेंदूज्वर असंन म्हणून पाठीतून पाणी काढलं. सीटी स्कॅनले पाठवलं, तिथं नंबर लागला होता, थांबलो. तापात थंडी वाजते म्हणून त्याच्या अंगावर ब्लँकेट बी घातलं." तो खिडकीतून बाहेर पाहत होता. "सगळं आपण शिकवतो तसं ओळीनं केलं मॅडम. फक्त त्याले थंड केलं नाही. संध्याकाळी गेला तो."

मग त्यानं पुढे सांगितलं, की नंतर तो आपला आपण वाचून शिकला. निदानाची वाट पाहायची नाही, आधी बर्फाच्या पाण्यात घालायचं, बाकी सगळं नंतर. आता उन्हाळा लागला की तो बर्फवाल्याला आधीच सांगून ठेवतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं. परत येताना स्कूटी चालवताना मी सरांशी मनातल्या मनात भांडत होते आणि मनातसुद्धा ते जिंकत होते.

तरी मी ते रिपोर्टात घातलं. नाव-गाव न देता, साध्या शब्दांत. सरांनी वाचलं आणि त्या परिच्छेदावर उभी रेघ मारली.

"मॅडम, हे इमोशनल होऊन राहिलं. रिपोर्टात पेशंट मारायचा नसते."

"पण तो मेला सर."

"तो बीरगावले मेला. बीरगाव आपल्या अभ्यासक्रमात येत नाही."

मग त्यांनी मला आनंदाची बातमी दिली. येणाऱ्या तज्ज्ञांना एक प्रात्यक्षिक प्रत्यक्ष पाहायचं होतं आणि सरांनी त्यांच्यासाठी हिमदंश निवडला होता. मुलांचा सगळ्यात पाठ असलेला विषय तोच होता. मी त्यांना खिडकीबाहेर बोट दाखवलं. गुलमोहरसुद्धा दमलेला दिसत होता.

"म्हणूनच तर!" सर म्हणाले. "एवढ्या गर्मीत बर्फाचा सेशन. पाहुण्यायले बी थंड वाटंन."

तयारी लग्नघरासारखी सुरू झाली. गोठलेला पाय माणसाचा कुठून आणणार, म्हणून बाजारातून बकऱ्याचे पाय आणायचे ठरलं. ते मीठ-बर्फात गोठवायचे आणि कोमट पाण्याच्या टबात उबवून दाखवायचे. एका शाकाहारी विद्यार्थ्याला त्या पायांना हात लावायचा नव्हता. त्याला पाहुण्यांच्या स्वागतावर टाकलं. गुढ़ियारीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून 'छोटा हत्ती' टेम्पोतून आल्या. आणि फाटकावर भलंमोठं फ्लेक्स लागलं: एका बाजूला पाहुण्यांचा फोटो, दुसऱ्या बाजूला सरांचा, मध्ये 'हार्दिक स्वागत'. सरांचा फोटो पाहुण्यांपेक्षा किंचित मोठा झाला होता. फ्लेक्सवाल्याची चूक, असं सर म्हणाले.

पाहुणे आले. किडकिडीत, मृदू बोलणारे, गळ्यात ओळखपत्र. कुठलीही गोष्ट दाखवली की ते विचारत, "इसका आउटकम क्या है?" ग्रंथालय दाखवलं, तरी तेच. नाश्त्याला पोहे दिले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्यांनी ते नुसतेच खाल्ले.

सेमिनार हॉलमध्ये सत्र सुरू झालं. हॉलचा एसी जेमतेम चालत होता. टेबलावर बर्फाचा ढीग, त्यात बकऱ्याचे पाय, शेजारी टब. तिसऱ्या वर्षाची ती मुलगी एक पाय दोन्ही हातांत घेऊन गंभीरपणे सांगत होती, की रुग्णाच्या या अवयवाची संवेदना गेलेली आहे. ते मात्र अगदी खरं होतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. बीरगावहून. मी हॉलच्या दाराशी जाऊन घेतला.

"मॅडम, एक पेशंट पाठवून राहिलो. भट्टीवरचा आहे, बेशुद्ध आहे. माझ्याकडे आयसीयूत जागा नाही. अँब्युलन्स निघाली आहे. ओल्या चादरीत गुंडाळून दिला, होता तेवढा बर्फ लावून दिला, पण सकाळपासून हा दुसरा आहे, बर्फ संपला माझा. तुमच्याकडे मिळंन काय बर्फ?"

मी वळून टेबलाकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

आमच्या कॅज्युअल्टीत एरवी बर्फ म्हणजे औषधांच्या फ्रिजला आतून धरलेला, तेवढाच. मी सरळ टेबलाशी गेले, मुलांना सांगितलं की उष्माघाताचा पेशंट येतोय, बर्फ आणि टब दोन्ही खाली न्यायचं. मुलं माझ्याकडे, मग सरांकडे पाहू लागली.

"मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?" सर दबक्या आवाजात म्हणाले. "सेशन चालू आहे!"

"सर, बर्फ पाहिजे."

"अर्धा घ्या न. अर्धा ठेवा. पाय वितळून राहिला तो."

मी काही बोलायच्या आत त्या मुलीनं हातातला बकऱ्याचा पाय टेबलावर ठेवला आणि टबाची एक कडी उचलली. दुसरी एका मुलानं उचलली. बाकीच्यांनी बर्फाची पोती घेतली. ते सगळे जिन्यावरून उतरायला लागले तेव्हा मागे हॉलमध्ये राहिले दोघेच, सर आणि पाहुणे, आणि त्यांच्यामध्ये ते पाय.

अँब्युलन्स आली. पेशंट तरुण होता, तिशीचाही नसेल. अंगावरची चादर वाटेतच वाळली होती. ताप मोजायला थर्मामीटर लावला तर त्यानं आकडाच दाखवला नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडे, असं लिहून आलं. झटके येत होते. टबात घालायला गेलो तर टब लहान. पाय बाहेर, धडही बाहेर. तो टब शेवटी बकऱ्याच्याच मापाचा होता.

"ताडपत्री!" मी ओरडले. "कुणाकडे ताडपत्री आहे का?"

नव्हती. वॉर्डबॉय पडदे काढू लागला, पण पडद्यातून पाणी गळणार. तेव्हा ती मुलगी फाटकाकडे बघत म्हणाली, "मॅम, फ्लेक्स?"

मी म्हटलं, "हव. काढ."

ती आणि सुरक्षारक्षक मिळून ते फ्लेक्स दोऱ्या तोडून घेऊन आले. आम्ही ते जमिनीवर अंथरलं, पेशंटला मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी मुलांनी कडा उचलून धरल्या आणि त्या झोळीत पाणी आणि बर्फ ओतला. मग झोळी डावीकडून उजवीकडे हलवत राहायची, म्हणजे थंड पाणी सगळ्या अंगाला लागतं. पेशंट पाहुण्यांच्या आणि सरांच्या फोटोंवर आडवा पडला होता. त्याचं डोकं सरांच्या खांद्यावर आलं होतं.

एवढ्यात ते दोघे खाली पोचले. सरांनी आधी फ्लेक्स पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता दुसरा पेशंट. "माझा फोटो..." असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी पेशंट पाहिला. आणि इथे मला त्यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पँटची पर्वा न करता पाण्यात गुडघे टेकले आणि नाडी धरली. "हलवत राहा रे पोट्टेहो, थांबू नका. तू, सलाइन लाव. तू श्वास पाहा." बकऱ्याच्या पायाशी त्यांचा जो आवाज होता तो हा नव्हता. हा डॉक्टरचा आवाज होता. कितीतरी वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

हळूहळू झटके थांबले. थर्मामीटरवर आकडा आला, मग तो उतरायला लागला. मुलांचे हात बर्फानं लाल झाले होते. सरांनी मान डोलावली, पेशंटला बाहेर काढून पुसलं आणि आयसीयूत नेलं.

पाहुणे इतका वेळ मोबाइलवर फोटो काढत होते. आता त्यांनी त्या मुलीला विचारलं, "यह आपके करिक्युलम में कहाँ है?"

"सर, यह नहीं है," ती म्हणाली. खरं बोलायची सवय तिला आमच्या अभ्यासक्रमानं लावलेली नव्हती, ती घरूनच घेऊन आली असावी.

"है ना, है ना," सर ओल्या पँटनिशी पुढे झाले. "यही तो हमारा इंटिग्रेटेड सेशन है, सर. ऊपर ठंड का थिअरी, नीचे गर्मी का प्रॅक्टिकल. आगे से पीछे तक एकच विषय. शरीर का तापमान!"

मी सरांकडे पाहतच राहिले. पाहुण्यांनी कौतुकानं मान हलवली आणि लिहून घेतलं.

पेशंटनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. जवळच्या नर्सला विचारलं, "मोर गमछा कहाँ हे?" गमछा कुणालाच सापडला नाही. मूत्रपिंडांनी काही दिवस त्रास दिला, पण तीही सुधारली आणि तो बायकोबरोबर चालत घरी गेला.

नंतर तज्ज्ञांचा अहवाल आला. त्यात आमच्या 'एकात्मिक आणि अभिनव' सत्राची तोंड भरून स्तुती होती. स्थानिक साधनांच्या वापराबद्दल विशेष उल्लेख होता. सुधारणेसाठी सूचना एकच होती: बकऱ्याच्या पायांना शाकाहारी पर्याय शोधावा. सरांनी तो अहवाल सगळ्या विभागाला वाचून दाखवला. त्यावर दुधी भोपळ्याचा विचार झाला. मी गंमत करत नाही, खरंच झाला.

पण त्या खोट्याचा मला एक फायदा झाला. सरांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, की उष्माघात अभ्यासक्रमात आहे. आता तो असायलाच हवा होता. मी त्याच संध्याकाळी बसून तो लिहिला आणि त्यांनी वाचायच्या आत त्यांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"मॅडम, यात तुम्ही बीरगावले पोस्टिंग घातलं."

"हो सर. उन्हाळ्यात. प्रत्येकानं जायचं."

"अन् तिथं शिकवंन कोण? तो प्रायव्हेटवाला?"

"तोच. आपलाच विद्यार्थी आहे."

"त्याले हुद्दा काय द्यायचा? प्राध्यापक तर म्हणता येणार नाही. व्याख्याता बी नाही." सर खरोखर चिंतेत पडले. अभ्यासक्रम बदलण्यापेक्षा हुद्दा शोधणं त्यांना जास्त अवघड गेलं. शेवटी 'मानद मार्गदर्शक' यावर तडजोड झाली. मी बीरगावला फोन करून हे सांगितलं तर तो इतका हसला, की त्याला फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला.

हिमदंश काही निघाला नाही. तास तेवढेच राहिले, बर्फ आता दोन्हीकडे लागतो. सर एका परिषदेत फ्लेक्सच्या झोळीवर बोलून आले. पडद्यावर त्यांनी दाखवलेल्या चित्रात, फ्लेक्सचा फक्त पाहुण्यांच्या फोटोचा भाग दिसत होता; पेशंटखाली गेलेला स्वतःचा फोटो त्यांनी कापून टाकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात पहिली तुकडी बीरगावला गेली तेव्हा मीही सोबत गेले. आमच्या मानद मार्गदर्शकानं व्याख्यान दिलंच नाही. त्यानं त्यांना मिलच्या फाटकाशी नेलं. पाळी सुटत होती. माणसं बाहेर येत होती, कपड्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेषा, तोंडं लाल. तो मुलांना म्हणाला, यातला कोणता माणूस पुढच्या तासाभरात आपल्याकडे येईल, ते सांगा. मुलं गोंधळली. एकानं घाम पुसत विचारलं, "सर, इथं कुठं एसीची खोली नाही का?"

"आहे न," तो म्हणाला, "पण त्यात पेशंट झोपलेला आहे."

मग सगळे उन्हात उभे राहून येणाऱ्या माणसांकडे नीट पाहू लागले. त्यांच्यातल्या एका पोट्टीनं एका म्हाताऱ्या कामगाराला थांबवून त्याच्या हाताला हात लावला, आणि वळून हाक मारली, "सर, इनको देखिए ज़रा."